एका मार्काची निबंधमाला

निगडी, भोसरी किंवा चाकणमधल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावलात, तर पहिल्या पाळीहून सुटून थेट तिथे आलेली दोन-चार मुले हमखास दिसतील. अंगात कंपनीचा टी-शर्ट, बाजूला रिकामा डबा, समोर स्पर्धा परीक्षेचे जाड पुस्तक. त्या पुस्तकात ‘वृत्तपत्रे व नियतकालिके’ असा एक तक्ता असतोच. दर्पण, १८३२, बाळशास्त्री जांभेकर. प्रभाकर, १८४१, भाऊ महाजन. निबंधमाला, १८७४, विष्णुशास्त्री चिपळूणकर. तक्ता पाठ झाला की एक मार्क खिशात आणि पुढचे पान.

आता यातले कोडे पाहा. निबंधमाला सुरू झाली तेव्हा चिपळूणकर तेवीस वर्षांचे होते आणि शिक्षकी करून पोट भरत होते. मासिकात गोष्टी नाहीत, चित्रे नाहीत, बातम्या नाहीत. नुसते निबंध, तेही बहुतेक एकाच माणसाने लिहिलेले. १८८१ च्या जनगणनेनुसार देशात लिहिता-वाचता येणारी माणसे शंभरात चारही नव्हती. तरीही या ८४ अंकांनी मराठी गद्याचा सूर बदलला, नव्या शाळा-छापखान्यांना बळ दिले, लोकांना एकमेकांवर तुटून पडायला लावले. आज साक्षरता कितीतरी पटीने वाढली आहे आणि मालेचे अंक फुकट वाचायला मिळतात. वाचतो मात्र कोणी नाही.

मजकुरातले तर एक अक्षरही बदललेले नाही. बदलली आहे ती तो मजकूर वाचकाच्या हातात पडण्याची रीत. या लेखात पाहायचे आहे ते एवढेच, की ही रीत बदलली की वाचनही कसे बदलते.

लंडनचा एक पेनीचा कागद

निबंधांचे नियतकालिक ही कल्पना आपल्याकडे इंग्रजीतून आली. १ मार्च १७११ रोजी लंडनमध्ये ‘स्पेक्टेटर’ निघू लागला. जोसेफ ॲडिसन आणि रिचर्ड स्टील हे त्याचे दोन कर्ते. रविवार सोडून रोज एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्यावर एक निबंध, वर लॅटिन किंवा ग्रीक वचन, खाली थोड्या जाहिराती. किंमत एक पेनी. निबंध लिहिणारा म्हणजे एक कल्पित, अबोल गृहस्थ. तो शहरभर हिंडतो, कॉफीच्या दुकानांत कोपरा धरून बसतो आणि माणसांची टोपी, पंखा, घोरणे, भांडण, प्रेम असे सगळे न्याहाळून रोज एकेका गोष्टीवर लिहितो.

दहाव्याच अंकात ॲडिसनने हिशेब मांडला: रोज तीन हजार प्रती खपतात आणि एक प्रत वीस जण वाचतात, म्हणजे साठ हजार वाचक. संपादकाने स्वतःच्या खपाचा आकडा सांगितला की तो चिमूटभर मीठ लावूनच घ्यावा, हा नियम तेव्हाही लागू होता. पण एका प्रतीला वीस वाचक ही गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. कॉफीच्या दुकानात पेनी देऊन बसले की तिथली पत्रे वाचायला मिळत. एक जण वाचे, शेजारचे ऐकत, तिसरा हरकत घेई. वाचकांची पत्रे छापून येत, त्यांतली काही संपादकांनीच रचलेली असत. त्यामुळे उद्या आपलेही पत्र येईल ही आशा प्रत्येकाला असे.

ऑगस्ट १७१२ मध्ये सरकारने छापील कागदावर मुद्रांक कर बसवला. स्पेक्टेटरची किंमत दुप्पट झाली, खप घसरला आणि डिसेंबरमध्ये ५५५ व्या अंकानंतर पत्र थांबले. १७१४ मध्ये ते काही महिने पुन्हा निघाले, तेवढेच. पुढे १७५० पासून दोन वर्षे सॅम्युअल जॉन्सनने ‘रॅम्बलर’ हे असेच निबंधपत्र आठवड्यातून दोनदा काढले. हा जॉन्सन चिपळूणकरांचे दैवत होता. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले भाषांतर विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले आणि निबंधमालेत जॉन्सनवर विस्तृत चरित्रात्मक निबंध लिहिला.

रतीब

महिन्याला येणारा निबंध आणि पुस्तकातला निबंध यांत फरक काय? रतीबाचे दूध आणि कढवलेले तूप यांत जो आहे तोच. रतीबाचे दूध सकाळी दारात येते आणि त्याच दिवशी संपवावे लागते. आज पातळ आले तर उद्या गवळ्याला दारातच जाब विचारता येतो. नाही आले तर घर अडून बसते. तूप टिकते, बरणीत शोभते, पाहुण्यांना अभिमानाने वाढता येते. पण ते पेलाभर कोणी पीत नाही.

अंकाचे तसेच आहे. तो एका बैठकीत संपतो. संपताना पुढच्या अंकाची ओढ ठेवतो, कारण विषय बरेचदा अर्धाच झालेला असतो. मालेतले ‘विद्वत्त्व आणि कवित्व’, ‘मोरोपंतांची कविता’ हे निबंध अनेक अंकांतून पुरवून पुरवून आले. मधल्या महिन्यात वाचकाला विचार करायला, चिडायला, उत्तर द्यायला सवड मिळते. लेखकालाही त्याच्या कानावर आलेली टीका पुढच्या अंकात घेता येते. शिवाय दर महिन्याला तोच आवाज ऐकून त्या आवाजाची ओळख होते. त्याची चीड कशावर, लाडके कवी कोण, उपहास कुठे सुरू होणार, हे नेहमीच्या वाचकाला आधीच कळू लागते.

मराठीत ही सवय मालेच्याही आधी लागली होती. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहीत. ती १०८ भरली, तरी नाव शतपत्रे पडले. ब्राह्मणांचा आळस, पोकळ पांडित्य, बायकांवरचा अन्याय यांवर त्यांनी कोरडे ओढले. जवळपास तीन दशकांनी चिपळूणकरांनी मालेत या लोकहितवादींवरच तोफ डागली. उत्तर यायला तीस वर्षे लागली तरी वाद ताजा होता, एवढी त्या पत्रांची धग टिकून होती.

पुण्याहून निघालेला अंक

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या टपालाचा रस्ता तेव्हा आपल्या दारावरूनच जात होता. आज ज्यावर कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही लोकल स्थानके आहेत तो लोहमार्ग पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबईला सलग जोडला गेला. त्याआधी मासिक दूरच्या गावी वेळेवर पोचवणे हा नशिबाचा खेळ होता. आगगाडी आणि टपाल यांच्या जोडीमुळे पुण्यात छापलेला कागद ठाणे, मुंबई, सोलापूर अशा गावांतल्या वकिलाच्या, मामलेदाराच्या, शाळामास्तरांच्या घरी नियमाने पोचू लागला. वर्गणीदार घरपोच अंक घेत. ज्यांना परवडत नसे ते वाचनालयात जात. पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ पासूनच होती. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. मनातल्या मनात वाचणे अजून सर्वत्र रुळले नव्हते. पोथीप्रमाणे मासिकही मोठ्याने वाचून दाखवले जाई, आणि ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेही असत.

मालेची भाषा या मोठ्याने वाचण्यासाठीच जणू घडलेली आहे. लांबच लांब वाक्ये, पण त्यांना श्वास घ्यायच्या जागा. माथ्यावर संस्कृत सुभाषित, मध्येच बाजारातली म्हण, शेवटी चिमटा. तोवरचे बरेच मराठी गद्य शाळेच्या क्रमिक पुस्तकांचे आणि भाषांतरांचे होते. नीटनेटके, सरकारी, जरा मिळमिळीत. ‘मराठीत ठोसे देता येतात’ हा साक्षात्कार पुण्या-मुंबईच्या तरुण पदवीधरांना मालेने घडवला.

याच काळात चिपळूणकर ‘शालापत्रक’ हे शिक्षणखात्याशी जोडलेले मासिकही पाहत होते. त्यातली टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. स्वतःची माला मात्र चालू राहिली, कारण तिचा पैसा वाचकांच्या खिशातून येत होता. नियतकालिकाचा मालक कोण यावर त्याची जीभ किती लांब हे ठरते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दोन वाचक, एकच पान

इथवर वाचून निबंधमाला म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचा आवडता अंक होता असा समज होईल. तो चुकीचा आहे. मालेच्या सुरुवातीआधी जेमतेम तीन महिने, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला होता. त्याच वर्षी त्यांची ‘गुलामगिरी’ आली होती. चिपळूणकरांनी मालेत फुल्यांच्या पुस्तकांची आणि समाजाच्या अहवालाची खिल्ली उडवली. मुद्द्यांना भिडण्यापेक्षा त्यांच्या भाषेतल्या, व्याकरणातल्या चुका काढण्यावर जोर दिला. संस्कृतात मुरलेल्या वाचकाने ते वाचून मांडीवर थाप मारली असेल. सत्यशोधकाला त्याच पानावर वेगळेच दिसले: आपण काय म्हणतो यापेक्षा आपण कसे बोलतो यावरून आपल्याला गप्प बसवले जात आहे.

मला मालेचा हा भाग तिचा सर्वांत दुबळा भाग वाटतो, आणि शैलीवर लुब्ध होऊन त्याकडे काणाडोळा करणारे कौतुक खरे नव्हे असेही वाटते.

पण नियतकालिकांच्या जगात गप्प बसवणे सोपे नसते, कारण दुसराही अंक काढू शकतो. १८७७ मध्ये भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केला. पुढे तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेला. हेच लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८९० मध्ये ती पदरात पडली. (आपल्या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, ती विजेच्या भारनियोजनामुळे. पण आठवड्याला एक दिवस आपला, हा हक्क तिकडूनच आलेला आहे.) १८८५ मध्ये फुल्यांनी स्वतः ‘सत्सार’चे दोन अंक काढले. त्यांत त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ च्या पुस्तकाची बाजू घेतली. १८८५ मध्येच न्या. रानडे यांनी ग्रंथकार सभेचे बोलावणे पाठवले तेव्हा फुल्यांनी जायचे नाकारले. ज्या सभेत आपल्या लोकांच्या हक्कांचा विचार नाही तिच्याशी आपली पुस्तके जुळत नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

मालेच्या वारसदारांतही एकमत नव्हते. तिच्यावर वाढलेल्या पिढीतून टिळक आले तसे आगरकरही आले. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून आगरकरांनी तोच धारदार निबंध चिपळूणकरांना मुळीच न आवडणाऱ्या सामाजिक सुधारणांसाठी वापरला.

> चौकट: निबंधमाला, काही टिपणे
> चिपळूणकर: जन्म २० मे १८५०, पुणे, मृत्यू १७ मार्च १८८२.
> पहिला अंक: जानेवारी १८७४. एकूण अंक: ८४.
> पहिला निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर. शेवटचा ‘आमच्या देशाची स्थिति’.
> इतर विषय: इतिहास, भाषांतर, इंग्रजी भाषा, वक्तृत्व, लोकभ्रम, लेखनशुद्धी.
> त्याच वर्षांतली इतर कामे: काव्येतिहाससंग्रह आणि चित्रशाळा (१८७८), न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), केसरी व मराठा (१८८१).

अंकाचा ग्रंथ होतो

नियतकालिक बंद पडले की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. सुटे अंक एकत्र शिवले जातात, पुठ्ठा चढतो, कण्यावर नाव येते. स्पेक्टेटरचे तर तो चालू असतानाच खंड निघू लागले होते. निबंधमालेच्याही पुढे बांधीव आवृत्त्या आल्या.

पुठ्ठा चढला की वाचकाचे प्रश्न बदलतात. अंक हातात घेणारा विचारतो, ‘या महिन्यात हा कोणाला झोडपतो आहे?’ ग्रंथ हातात घेणारा विचारतो, ‘हा लिहितो कसा?’ याचे सर्वांत सुरेख उदाहरण बोस्टनचे आहे. बेंजामिन फ्रँकलिनला पोरवयात स्पेक्टेटरचा एक सुटा खंड मिळाला, तिसरा. लंडनच्या कॉफीच्या दुकानांशी त्याला काही देणेघेणे नव्हते. त्याने एकेका वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवला, काही दिवस जाऊ दिले, मग मूळ न पाहता तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिला आणि मुळाशी ताडून पाहिला. कधी निबंधाची कविता केली, कविता विसरल्यावर तिचा परत निबंध केला. आत्मचरित्रात त्याने हे सगळे सांगितले आहे. करमणुकीसाठी लिहिलेला कागद असा व्यायामशाळा बनला. पुढे हिंदुस्थानातल्या महाविद्यालयांतही ॲडिसनचे निबंध नेमले गेले. आपल्या पोरांनी ते परीक्षेसाठी वाचले, त्यातल्या सर रॉजर या जमीनदारावर टिपणे काढली, आणि हसण्यासाठी लिहिलेल्या जागा गंभीरपणे पाठ केल्या.

निबंधमालेचेही तेच झाले. शाळा-कॉलेजांच्या गद्यवेच्यांत तिचे उतारे गेले. वेच्यांत भांडण सहसा घेत नाहीत, सुवचनी परिच्छेद घेतात. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांना चिपळूणकर म्हणजे ‘भारदस्त, अलंकारिक, संस्कृतप्रचुर’ एवढेच कळले. लेखक हसवतो, चिडवतो, कधी अन्यायही करतो, हे कळायला पूर्ण निबंध वाचावा लागतो.

एका निबंधाला मात्र तिसराच वाचक लाभला: सरकार. ‘आमच्या देशाची स्थिति’ या शेवटच्या निबंधात चिपळूणकरांनी इंग्रजी राज्याच्या परिणामांवर उघड लिहिले होते. ते छापले तेव्हा अंक निघाला, वाचला गेला, विषय पुढे सरकला. पण पुढे, ग्रंथरूपात टिकून राहिलेला हाच मजकूर सरकारला धोकादायक वाटला आणि त्याच्यावर बंदी आली. ती उठली १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर. बंदीच्या वर्षांत तो निबंध वाचणे हे मतप्रदर्शन होते. बंदी उठल्यावर ते पुन्हा नुसते वाचन झाले.

कारखान्यातून निघालेले मासिक

चाकणच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल असे एक वळण विसाव्या शतकात आले. सांगलीकडच्या माळावर, किर्लोस्करवाडीत, १९१० पासून लोखंडी नांगर बनत होते. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर. मूळ उद्देश साधा होता: कारखान्याची, मालाची, एजंटांची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायची. पण नांगराच्या माहितीशेजारी हळूहळू आरोग्य, उद्योग, प्रवास, समाजसुधारणा यांवरचे लेख येऊ लागले आणि वाचक नांगरापेक्षा लेखांचीच वाट पाहू लागले. ‘खबर’ हा शब्द गळाला, मासिक ‘किर्लोस्कर’ झाले, आणि १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ हे भावंड मिळाले.

मालेचा वाचक संस्कृत श्लोक ओळखणारा होता. किर्लोस्करचा वाचक यंत्राचा पान्हा ओळखणारा होता. वाक्ये आखूड झाली, फोटो आले, सल्ला आला. निबंध पंडिताच्या बैठकीतून उठून फोरमनच्या घरात आला, असे म्हटले तरी चालेल. माझ्या मते मराठी माहितीपर लेखाचे खरे आजोळ तिथे आहे.

मोबाइलवरची माला

आज निबंधमालेच्या जुन्या प्रतींची छायाचित्रे इंटरनेट अर्काइव्हवर कोणालाही पाहता येतात. म्हणजे १८७४ मध्ये जे वर्गणीदारालाच मिळे ते आता कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर उघडता येते. मग अडते कुठे?

पहिली अडचण डोळ्यांची. जुन्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कोठें’ असे अनुस्वार जागोजागी असतात. ते उच्चारले जात नसत, व्याकरण दाखवत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी यांतले बहुतेक काढून टाकले. त्यानंतर शाळेत गेलेल्यांना जुने पान खडी पसरलेल्या रस्त्यासारखे लागते. दोन-तीन पानांनंतर डोळा सरावतो, पण तेवढा धीर हवा.

दुसरी अडचण यंत्राची. छायाचित्रातली अक्षरे संगणकाला नुसते चित्र म्हणून दिसतात. त्यांचे शोधता येईल अशा मजकुरात रूपांतर करताना जुने जोडाक्षरांचे खिळे आणि फिकट शाई यांनी गोंधळ होतो. त्यात आपण ‘कोठे’ असे शोधतो आणि पानावर ‘कोठें’ असते. मजकूर असूनही सापडत नाही. इंग्रजी स्पेक्टेटरला हा त्रास बराच कमी झाला, कारण त्याचे निबंध टंकून, तपासून केव्हाच मोकळे ठेवले गेले आहेत.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पडद्यावर सगळे ८४ अंक एकदम समोर येतात, शेकडो पानांचा एक ढीग. वाट पाहायला काही उरत नाही, आणि शेजारी हरकत घेणाराही कोणी नसतो. वाचक पाच पाने सरकवतो आणि बंद करतो. दोष त्याचा नाही. महिनाभर पुरवून प्यायचे ते कोणी एका घोटात पिऊ पाहिले तर असेच होणार.

या पट्ट्यात वाचणारे नाहीत असे मुळीच नाही. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडला ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. दिवाळी अंक आजही कारखान्याच्या गेटबाहेरच्या स्टॉलवर दिसतात. म्हणून कंपन्यांच्या कामगार संघटनांना, कँटीन समित्यांना आणि वाचनालयांच्या चालकांना एक विनंती आहे. महिन्याला मालेतला एकच निबंध, आजच्या शुद्धलेखनात टंकून, सूचनाफलकावर लावा. लांब असेल तर दोन महिन्यांत तोडा. सुरुवात ‘लोकभ्रम’पासून करा. भुते, शकून आणि नवस यांवरचा तो निबंध आजही जागोजागी चिमटे काढतो. त्याच्या शेजारी फुल्यांच्या लेखनातले एक पान लावा आणि खाली थोडी कोरी जागा सोडून दोरीला पेन बांधून ठेवा.

हक्कांचा प्रश्न नाही, परवानगीचा नाही आणि खर्च झेरॉक्सपुरता आहे.